ऑर्डरबरोबर आलेला जावई

गावच्या फुटबॉल क्लबने जपानी खेळाडू घेतल्याची बातमी आली त्या सकाळी सीट कव्हरच्या दुकानात हातांपेक्षा तोंडं जास्त चालली. दुकान लहानच. पुढे एक गाडी उभी राहील एवढी जागा, आत शिलाईची दोन मशिनं, मागे फोमच्या थप्प्या आणि दाराशी मालकांची खुर्ची. मालकांना सगळे अण्णा म्हणत. गुडघे गेल्यापासून त्यांनी कात्री खाली ठेवली होती, पण जिभेला म्हातारपण आल्याची खबर अजून पोचली नव्हती.

मशीनवर बसायचा तो त्यांचा जावई. त्यालाही एक नाव होतं, पण ते वापरायची वेळ कोणावर येत नसे. गल्लीत जावई, स्टेडियमच्या स्टँडमध्ये जावई, अण्णांच्या तोंडी जावईबापू. माणूस पन्नाशीला आला, डोक्यावरचं पीक गेलं, पोरगी कॉलेजात जायला लागली, तरी हा आपला जावईच. तिसरा टायरवाला. तो अण्णांचा पुतण्या. शेजारीच त्याचं पंक्चर काढायचं दुकान होतं आणि सकाळचा चहा प्यायला तो इकडे यायचा. तिघांचा क्लब एक, स्टँड एक, आणि भांडणही रोजचं.

"नवी जर्सी बघितलीत का भाऊजी?" टायरवाला म्हणाला. "छातीवर नाव कोणाचं? पंपाच्या कंपनीचं. कंपनी कुठली? जपानची. पोरगा कुठला? जपानचा. आता तरी डोक्यात प्रकाश पडतोय का?"

"चांगला खेळत असेल," जावई खाली मान घालून म्हणाला.

"कसला खेळतोय! तो पंप विकायला आणलाय. आपल्या मॅचेस त्यांच्या टीव्हीवर दिसणार, त्यांचे पंप आपल्या दुकानात येणार, आणि आपला सात नंबर, इथल्या मातीत वाढलेला पोरगा, तो बसणार बाकावर. हा माणूस म्हणजे ऑर्डरबरोबर आलेलं पार्सल आहे."

जावयाच्या मशीनची सुई सीटच्या कडेची पायपिंगची पट्टी सोडून भलतीकडे गेली. त्याने शिव्या घालत ब्लेड उचललं आणि शिवण उसवायला घेतली. टायरवाला हसत हसत चहा पिऊन निघून गेला. त्याच्या मनात काहीही नव्हतं. पण खाई त्याला खवखवे, त्याला कोण काय करणार?

आता ही खवखव कशाची, ते सांगायला हवं. जावई लग्नाआधी गावाच्या दुसऱ्या टोकाला एका सोफ्याच्या कारखान्यात कामाला होता. काम बेताचं, पगार बेताचा. पण त्याचा सख्खा काका बस डेपोत खरेदीच्या टेबलावर होता. त्या काकाने स्थळ आणलं, लग्न झालं, आणि लग्नातले पाहुणे परतायच्या आत डेपोतल्या सगळ्या बसच्या सीटचं काम अण्णांच्या दुकानात आलं. गाड्याच्या गाड्या भरून सीट यायच्या. अण्णांनी नव्या जावयाला मशीनवर बसवलं. पुतण्या त्याच सुमाराला शेजारी टायर घेऊन बसला. त्याला म्हणे स्वतःचा धंदा करायचा होता.

पुढे काका निवृत्त झाला, डेपोचं काम दुसरीकडे गेलं. जावई राहिला. लोक तोंडावर काही बोलत नसत, पण आयत्या बिळावर नागोबा ही म्हण आपल्याकडे काही उगीच नाही, आणि ती ऐकायला कोणी बोलावंच लागतं असंही नाही. त्याच्या आत एक प्रश्न जाऊन बसला होता: मला कशासाठी आणलं? माझ्या हातांसाठी, की काकाच्या टेबलासाठी? हे विचारायचं धाडस त्याला कधी झालं नाही. त्याऐवजी तो शिवत राहिला. प्रत्येक सीट अशी शिवायचा की जणू उद्या परीक्षक येऊन टाके मोजणार आहेत. गिऱ्हाईक खूश होऊन गेलं तरी याचा जीव शांत नसे. जेवताना मध्येच उठून दुकानात जायचा आणि एखादा कोपरा चाचपून यायचा. बायको म्हणायची, "अहो, ती सीट काही पळून जात नाही."

जपानी पोरगा गावात आला आणि वाद वाढतच गेला. स्टँडमधल्या लोकांनी त्याचं नाव पंपवाला ठेवलं. दुकानात गाडी घेऊन येणारा प्रत्येक माणूस तोच विषय काढायचा. कोणी म्हणे, करारातच लिहिलंय की त्याला खेळवायलाच पाहिजे. कोणी म्हणे, अहो खेळाडू तरी आहे का तो, कंपनीचा सेल्समन असेल. गंमत अशी की सगळ्यात जास्त आवाज आता जावई करायला लागला होता. पहिल्या दिवशी 'चांगला खेळत असेल' म्हणणारा हाच माणूस, आणि आता त्या पोराचा फोटो पेपरात दिसला तरी पेपर उलटा करून ठेवायचा. आपल्यावर येणारं बोट दुसऱ्याकडे वळवायला तो धडपडत होता असं मला वाटतं. त्याला स्वतःला काय वाटत होतं हे त्यालाही धड सांगता आलं नसतं.

शेवटी एकदा अण्णा चिडले. "धंद्यासाठी आणला असेल! मग काय बिघडलं? क्लब काय हवेवर चालतो? माणूस आणतात तो कशासाठी तरीच आणतात."

मशीन थांबलं. "म्हणजे माणसाच्या कामाला काही किंमत नाही?"

"काम आणल्यावर बघायचं. आणताना कोण बघतंय?"

जावई उठला, पाणी प्यायला, पुन्हा बसला, पुन्हा उठला. फोमची थप्पी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवली आणि थोड्या वेळाने परत होती तिथे आणली. घरी गेल्यावरही तेच. बायकोने बराच वेळ बघून घेतलं आणि मग विचारलं, "त्या परक्या पोराने तुमचं असं काय घोडं मारलंय?"  तो गॅलरीत जाऊन उभा राहिला.

तिथेच त्याला ती कल्पना सुचली. पंपवाला पहिल्यांदा मैदानात उतरेल तेव्हा अख्ख्या स्टँडने पाठ फिरवायची. शिवी नाही, घोषणा नाही, काही नाही. पाच मिनिटं नुसती पाठ. स्टँडमधल्या लोकांना ती अशी आवडली की मॅचच्या दिवसापर्यंत प्रत्येक जण ती स्वतःचीच म्हणून सांगायला लागला.

मॅच दुपारची होती. जावई, टायरवाला आणि अण्णा नेहमीच्या जागी, गोलच्या मागच्या स्टँडमध्ये पहिल्या रांगेत बसले. अण्णांनी आधीच सांगून टाकलं, "मी मैदान बघायला आलोय. आणि या गुडघ्यांवर एकदा बसलो की बसलो. तुम्ही करा तुमचा तमाशा."

दुसऱ्या हाफमध्ये पंपवाला उतरला. सात नंबर बाहेर आला आणि तो आत गेला. जावयाने हात वर केला, आणि सगळा स्टँड एकदम उठून उलटा उभा राहिला. काय दृश्य होतं! सगळ्यांच्या समोर आता मागची भिंत, तिच्यावर धूम्रपान मनाईची पाटी, आणि पाटीखाली गोंधळलेला एक पोलीस. जावयाला वाटलं होतं, पाठ फिरवली की छातीतलं ओझं उतरेल. ते काही उतरलं नाही. उलट मागे काय चाललंय ते दिसत नव्हतं म्हणून त्याचा जीव नुसता वरखाली होत होता. टायरवाला शेजारून कुजबुजला, "भाऊजी, चोरून एकदा बघू का?" जावई म्हणाला, "खबरदार."

आणि तेवढ्यात मैदानापलीकडच्या स्टँडमधून असा गलका उठला की पोलिसाने टोपी काढून हवेत उडवली. सगळे गर्रकन वळले. चेंडू जाळ्यात होता. त्यांच्याच स्टँडसमोरच्या जाळ्यात. पंपवाला हात पसरून त्यांच्याकडे धावत येत होता, आणि एवढ्या लोकांतल्या एकानेही गोल पाहिलेला नव्हता. एक अण्णा सोडून.

मग काय विचारता! जो तो अण्णांच्या भोवती. "उजवीकडून आला," अण्णा म्हणाले. "एकाला असा काढला, दुसऱ्याला तसा, आणि चेंडू असा ठेवला, जसा टेबलावर कप ठेवतात." मागच्या रांगेतल्यांना ऐकू आलं नाही म्हणून त्यांनी परत सांगितलं. त्या वेळी पोरगा डावीकडून आला आणि तिघांना काढून गेला. लोकांनी तेही तितक्याच भक्तीने ऐकलं. एवढा मान अण्णांना आयुष्यात मिळाला नव्हता.

परतताना टायरवाला दोस्तांबरोबर पुढे गेला. जावई आणि अण्णा अण्णांच्या चालीने निघाले आणि अर्ध्या वाटेवर बस स्टॉपच्या बाकावर टेकले. रस्त्यावरून जर्सी घातलेली पोरं पंपवाल्याच्या नावाने ओरडत चालली होती.

"अण्णा," जावई म्हणाला, "मला काकाच्या ऑर्डरसाठी आणलं होतं ना?"

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं. प्रश्नाचं त्यांना नवल वाटलं नाही, तो इतक्या उशिरा आला याचं वाटलं असावं.

"हो," ते म्हणाले. "दुकान बुडत होतं. तुमचे काका म्हणाले, मुलगी द्या, डेपोचं काम तुमच्याकडे वळवतो. मी दिली. तिला विचारून दिली, तेवढं मात्र लक्षात ठेवा."

"आणि माझं काम?"

"कुठे पाहिलं होतं? पहिल्या महिन्यात तुम्ही शिवलेल्या सीट मी रात्रीतून त्याच्याकडून दुरुस्त करून घेतल्यात."

"कोणाकडून?"

"टायरवाल्याकडून. तुम्ही यायच्या आधी दुकानात खरा हात त्याचाच. त्याच्यासारखी शिवण मी पण कधी घातली नाही. पण दोन घरं पोसण्याइतकं दुकान नव्हतं."

जावई त्यांच्याकडे वळला. "म्हणजे तुम्ही त्याला काढलंत."

"मी कुठला काढतोय? तोच म्हणाला, अण्णा, ऑर्डर येतेय तर येऊ द्या, ताईचा संसार उभा राहील, माझं मी बघतो. वर मला दम दिला की भाऊजींना यातलं काही कळता कामा नये."

 जावयाचा आवाज फुटला तो एकदम मोठाच फुटला. "इतकी वर्षं मला धड झोप नाही अण्णा! रोज वाटायचं, आज टाका चुकला तर उद्या कोणीतरी म्हणेल, ऑर्डरबरोबर आलेला माणूस आहे. तुम्ही एका शब्दाने सांगितलं असतं तर?"

"काय सांगितलं असतं? खोटं सांगितलं असतं तर तुम्ही सैल पडला असता, आणि खरं सांगितलं असतं तर निघून गेला असता. धास्तीने तुमचा हात सुधारला. मला दिसत होतं ते. तुम्ही जागे राहत होता म्हणून मी निवांत झोपत होतो."

जावई ताडकन उठला आणि चालायला लागला. संताप तर होताच, पण संतापापेक्षा लाज मोठी होती. त्याला आठवत होतं की टायरवाल्याच्या दुकानात मंदी आली तेव्हा आपण त्याला उपदेश केला होता: कष्ट कर, हातात कला पाहिजे. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की बाकावरून अण्णांना एकट्याने उठता येत नाही. तो परत आला, त्यांच्याकडे न बघता हात पुढे केला, आणि त्यांना धरून घरापर्यंत नेलं.

दुसऱ्या दिवशी टायरवाला नेहमीसारखा चहाला आला. "भाऊजी, आपण सगळे गाढव ठरलो. गावभर त्याची जर्सी मिळेनाशी झालीय. पण खेळतो हो, ते मानायला पाहिजे."

"आणि आपला सात नंबर?" जावयाने विचारलं.

"तो? तो बाकावर. आणखी कुठे? होते सवय."

जावई मशीनवरून उठला. "बस इथे."

"मी?"

"बस. एवढी एक शिवण घाल."

टायरवाल्याने आधी जावयाकडे पाहिलं, मग अण्णांकडे. अण्णा रस्त्यावरची रहदारी बघत होते. बघण्यासारखं तिथे काही नव्हतं. टायरवाल्याला काय ते कळलं. "हात काळे आहेत भाऊजी. रेक्झिन पांढरं आहे."

"धुऊन ये."

तो धुऊन आला. काळं पुरतं गेलं नव्हतंच. मशीनवर बसला, रेक्झिनची कड बोटांनी नीट केली, मान जराशी तिरकी करून सुई खाली घेतली. ती मान पाहून जावयाला कळलं की हा माणूस या जागेवर कसा बसत असेल. शिवण सरळ निघाली, मध्यापर्यंत छान गेली. मग कोपरा आला. तिथे त्याची बोटं अडखळली, रेक्झिन सरकलं, आणि टाके वाकडेतिकडे होत कडेबाहेर गेले.

टायरवाल्याने मशीन थांबवलं. त्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. "गेला हात," तो म्हणाला, आणि हसला. "जाणारच ना. माफ करा भाऊजी, तुमचं रेक्झिन वाया घालवलं."

बाहेरून कोणीतरी पंक्चरसाठी हाक मारली. तो चहाचा शेवटचा घोट घेऊन उठला आणि पायरी उतरायला लागला. जावयाने ब्लेड हातात घेतलं होतं, पण शिवण उसवायला त्याचा हात होईना.

"उद्या ये," तो मागून म्हणाला.  "चहाच्या आधी ये. रोज ये."