तुळसाबाईचा घसरता बेंजो

अनसिंगच्या तुळसाबाईला एकदा हसू फुटलं की आवरत नसे. स्वतःच्या लग्नात ती अंतरपाटाआड उभी होती. भटजींना शिंक आली, मंगलाष्टकाचा सूर मधेच उडाला, आणि नवरी खांदे गदगदा हलवत हसायला लागली. मामाने पाठीत हळूच चापट मारली, तशी ती जास्तच हसली. सासू मनकर्णाबाईने त्याच दिवशी शेजारणीला सांगून टाकलं, "पोरगी कामाची दिसते, पन जराशी वाऱ्यावरची हाये."

नवरा इंद्रभान गंभीर माणूस. आठ एकर रान, एक बैलजोडी आणि मोजकं बोलणं. नाद एकच, वाजपाचा. कुणाच्याही लग्नाला गेला की हा पंगतीत दिसायचा नाही, वाजंत्र्यांच्या मागे उभा सापडायचा.

१९५३च्या दिवाळीनंतर पहिल्या वेचणीचा कापूस घेऊन तो अकोल्याला गेला. तुळसाबाईने बजावलं होतं, "येतानी लुगडं आनजा. हिरवं." पाचव्या दिवशी गाडी दारात आली. इंद्रभान नव्याकोऱ्या पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून उतरला. पंचा सोडला तर आत लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा, आणि तारांवर टाइपरायटरसारखी गोल बटणांची रांग. आमच्याकडे याला बेंजो म्हणतात. डाव्या हाताने बटणं दाबायची आणि उजव्या हातातल्या पत्तीने तारा छेडायच्या.

तुळसाबाईने पेटी उलटीसुलटी करून पाहिली.

"अजी, हे नेसाचं कसं?" तिने विचारलं. उत्तर यायच्या आत तिला हसू फुटलं आणि ती उंबऱ्यातच बसली. इंद्रभान ओशाळून उभा राहिला. मनकर्णाबाई दोघांकडे बघून बैल सोडायला निघून गेली.

पुढचं वर्षभर इंद्रभान रोज सकाळी ओसरीवर बसून बेंजो वाजवायचा. त्याला एका अभंगाची चाल येत होती, तीही अर्धी. अर्ध्यावर आला की तो थांबायचा, खाकरायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. चुलीपुढे भाकरी थापताना तुळसाबाईला ती अडखळण्याची जागा पाठ झाली. एके दिवशी तिने आतूनच सांगितलं, "तिथं चौथं बटन हाये. तुमी पाचवं दाबून राह्यले."

त्याने चौथं दाबलं. चाल पुढे सरकली. इंद्रभान उठून स्वयंपाकघराच्या दाराशी आला. "तुले काय ठाव?"

"रोज आयकून राह्यली ना मी."

त्या दिवसापासून दुपारी तो रानात गेला की बेंजो तुळसाबाईच्या मांडीवर येऊ लागला. ओव्या, आरत्या, कुणाच्या वरातीत ऐकलेलं काहीबाही, जे कानावर पडेल ते ती वाजवायची. मनकर्णाबाई पलीकडे झोपेचं सोंग घेऊन पडलेली असे. पायाचा अंगठा मात्र ठेक्यावर हलत असे.

पुढच्या हंगामात कापूस वेचायला मानोऱ्याकडच्या बंजारा तांड्यावरून बाया आल्या. त्यांत हिरीबाई होती. हात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्यांनी भरलेले, काचोळीवर आरसे, आणि गळा असा की कपाशीच्या या टोकाला ती गायली तर त्या टोकाची बाई वेचता वेचता थांबायची. तिचा सूर एका जागेवरून उठला की दुसऱ्या जागेपर्यंत न तुटता जायचा. वाटेत रेंगाळायचा, थोडा वर चढायचा, मग लवून खाली यायचा.

तुळसाबाईला ते गाणं बेंजोवर हवं होतं. घरी येऊन तिने सगळी बटणं धुंडाळली. सूर सापडायचे, पण त्यांच्यामधली वाट सापडत नव्हती. टक, टक, टक असं काहीतरी वाजायचं. शेवटी एका दुपारी तिने हिरीबाईलाच घरी बोलावून आणलं. पुढ्यात भाकर आणि ठेचा ठेवला आणि म्हणाली, "खाय अन् गाय."

हिरीबाई खाल्ल्यावर गायली. तुळसाबाईने मागोमाग बटणं दाबली. दोन ओळी झाल्यावर हिरीबाई थांबली.

"पाटलीणबाई, तुमचा बाजा पायऱ्या उतरून राह्यला. मी त घसरगुंडीवर हावो."

दोघी इतक्या हसल्या की हिरीबाईला ठसका लागला आणि मनकर्णाबाईला सोंग सोडून पाणी आणावं लागलं. पाणी देता देता ती म्हणाली, "मंग पायऱ्या काढून टाक ना वं."

सासू चेष्टेत बोलली होती. पण दुसऱ्या दिवशी इंद्रभान रानात जाताच तुळसाबाईने सुरीच्या टोकाने बेंजोचे चारही स्क्रू काढले आणि बटणांची सबंध चौकट उचलून सुपात ठेवली. खाली उघड्या तारा राहिल्या. आता त्यांच्यावरून घसरायला काहीतरी गुळगुळीत आणि जड हवं होतं. लाटणं मऊ पडलं. वरवंटा धरवेना. कोनाड्यात इंद्रभानची चुन्याची पितळी डबी होती, बोटभर लांब, गोल, वर्षानुवर्षं हाताळून आरशासारखी झालेली. तिने डबी तारांवर टेकवली, पत्ती मारली आणि डबी सरकवली.

मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज आला. डबीच्या वजनाने तारा खालच्या पट्ट्यांना घासत होत्या. तिने विचार केला, तारा ज्या घोडीवरून जातात ती घोडीच उंच करायला पाहिजे. बाभळीची चपटी ढलपी तिच्याखाली सारली. आता डबी अधांतरी तरंगू लागली, पण सूर धरायला काही खूण राहिली नाही. बटण चुकलं तरी सूर पक्का असतो. इथे केसभर इकडेतिकडे झालं की बेसूर. तिने डोळे मिटले आणि नुसत्या कानाने शोधायला लागली.

तिसऱ्या दुपारी मनकर्णाबाईने पलीकडून विचारलं, "हिरी आली काय वं? बसाले दे तिले."

हिरीबाई आलीच नव्हती. तुळसाबाईने आपल्या हाताकडे पाहिलं. त्या दिवशी पहिल्यांदाच तिला हसू आलं नाही.

आता इंद्रभानला सांगणं भाग होतं. वेचणीच्या गडबडीत त्याचं सकाळचं वाजवणं बंद होतं, म्हणून बेंजोचं त्याला कळलं नव्हतं. तीन दिवस तो चुन्याची डबी शोधत होता आणि शेजाऱ्याच्या चुन्यावर तंबाखू मळत होता. संध्याकाळी तो घरात शिरला, तर सुपात बटणांची चौकट. त्याने ती उचलून हातात घेतली.

"माह्या बेंजोचे दात पाडले तू."

"आयका त आधी."

तिने वाजवायला घेतलं. हिरीबाईचं गाणं त्या चार भिंतींत असं वळणं घेत फिरलं की इंद्रभान तंबाखूचा हात तसाच धरून राहिला. गाणं संपलं. मग म्हणाला, "परत वाजव." असं त्याने पाच वेळा म्हटलं.

होळीच्या आधी हिरीबाईचा निरोप आला. धुळवडीला तांड्यावर या, बाजा घेऊन या. गाडी जुंपली. इंद्रभान धुरेवर, तुळसाबाई मांडीवर बेंजो घेऊन मागे. निघता निघता मनकर्णाबाई डोक्यावर पदर घेत गाडीत चढून बसली. "सून तांड्यावर वाजवाले चालली अन् मी घरी काय भिंती पाहू काय," एवढंच ती म्हणाली.

तांड्यावर पळसाच्या फुलांच्या रंगाने सगळं केशरी झालं होतं. बायांचे घागरे घेर धरून फिरत होते आणि डफांचा घुमारा टेकडीपर्यंत जात होता. तांड्याचा नायक गोविंदसिंग, पिळदार मिशांचा, हातात पितळी टोपणाची काठी घेऊन बाजेवर बसला होता. त्याने बेंजोकडे पाहून विचारलं, "या पेटीत काय हाये? दवाई?"

तुळसाबाईला हसू फुटायला लागलं होतं. तिने ओठ दाबले आणि वाजवायला सुरुवात केली. डफांपुढे काहीच ऐकू येईना. हिरीबाई नायकापुढे जाऊन उभी राहिली आणि त्यांच्या बोलीत काहीतरी सुनावलं. गोविंदसिंगने काठी उचलली. डफ थांबले.

हिरीबाईने सूर लावला. बेंजोने तोच उचलला. ती चढली, तो चढला. ती मधेच रेंगाळली, तोही रेंगाळला. दुसऱ्या कडव्याला हिरीबाई मुद्दाम गप्प राहिली आणि गाणं चालूच राहिलं. बाया तिच्या तोंडाकडे बघायला लागल्या. तोंड मिटलेलं आणि गाणं कुठून येतंय ते कळेना. म्हातारी रामीबाई तर हिरीबाईच्या पाठीमागे जाऊन बघून आली. मग कुणीतरी हसलं, डफ हळूच आत शिरला, आणि घेर पुन्हा फिरायला लागला, आधीपेक्षा वेगाने.

गती वाढत गेली. तुळसाबाईचा हात रंगाने निसरडा झाला. ऐन भरात चुन्याच्या डबीचं झाकण उडालं. ओला चुना तारांवर, लुगड्यावर आणि पुढे वाकून बघणाऱ्या इंद्रभानच्या मिशीवर उडाला. बेंजो मुका झाला. केशरी रंगात ती पांढरी मिशी बघून तुळसाबाईने इतका वेळ दाबलेलं हसू सुटलं, आणि तिचं बघून सगळा तांडा हसायला लागला. मनकर्णाबाई पदरात तोंड खुपसून हसत होती. इंद्रभानने मिशीवरून हात फिरवला, बोटाकडे पाहिलं, आणि तोही हसला. लग्नाला आठ वर्षं झाली होती. त्याला असं मोठ्याने हसताना तुळसाबाईने पहिल्यांदाच पाहिलं.

गोविंदसिंग उठला. काठीचं पितळी टोपण पिळून काढलं, पुसलं आणि तिच्यापुढे धरलं. "याच्यानं होते काय पाहा."

नायकाच्या काठीला सहसा कुणी हात लावत नसे. तुळसाबाईने टोपण मधल्या बोटात घातलं, अंगठीसारखं घट्ट बसलं. तारा पुसल्या आणि बोट सरकवलं. डबीपेक्षाही गोड, पातळ, लांबत जाणारा सूर निघाला. दिवस कलेपर्यंत कुणी बसलं नाही. निघताना तिने टोपण परत केलं, तर नायक म्हणाला, "राहू दे, बाई. माही काठी उघड्या डोक्याची बरी हाये."

त्यानंतर हळदीला, बारशाला, डोहाळजेवणाला तुळसाबाईला बोलावणी यायला लागली. गाडी इंद्रभान हाकायचा, घोडीखालची ढलपी तो बसवायचा आणि तारा तोच लावायचा. लोक त्याला बेंजोवालीचा इंद्रभान म्हणायचे. त्याला त्याचं काही वाटत नसे. वाजंत्र्यांच्या मागे उभं राहण्यापेक्षा आता बसायला जागा मिळत होती.

१९५७ साली शिरपूरच्या दौलतराव पाटलांच्या मुलीचं लग्न होतं. वाशिमहून नामांकित बॅंड आला होता. पाटलांच्या बायकोने हट्ट धरून तुळसाबाईलाही बोलावलं, आणि तुळसाबाईने हिरीबाईला. वरातीत पुढे बॅंड, मागे गाडीत या दोघी आणि सोबतीला मनकर्णाबाई. वेशीपाशी बॅंडवाले दम घ्यायला थांबले तेव्हा मागची गाडी सुरू झाली. बॅंडचे लोक एकेक करून मागे आले. नवरदेवाने घोडी वळवली. मुहूर्त टळतोय म्हणून भटजी मांडवातून चिडून आले आणि गाडीच्या चाकाला टेकून उभे राहिले.

गाणं संपल्यावर बॅंडचे मास्तर रामकिसन पुढे झाले. त्यांनी टोपी काढून विचारलं, "बाई, ह्यो कोन्ता राग?"

"राग कायचा?" तुळसाबाई म्हणाली. "हिरी जिथं घसरते, तिथं मी घसरतो." आणि तिला हसू फुटलं. हिरीबाई तिच्या खांद्यावर पडून हसली. मास्तरांनी क्लॅरिनेट तोंडाला लावला आणि तिच्या सुराशी जुळवून पाहू लागले. वरात तिथेच ठाण मांडून बसली. अखेर मनकर्णाबाई गाडीत उभी राहिली आणि नवरदेवाला म्हणाली, "अरे बाप्पा, लगन लावाचं हाये का नाई? चाल पुढं. आमी वाजवतोच हावो मागून."