भाऊंचा अंगठा

चिकलठाण्याच्या आमच्या प्रेस शॉपमधली माणसं आता कुठं कुठं पांगलीत. पण क्रांती चौकात दोघं जरी भेटलो, तरी चहा गार होतो आणि भाऊंचे किस्से संपत नाहीत. हसतो खूप. मग कुणीतरी एकदम चहाचे पैसे द्यायला उठतो.

भाऊ म्हणजे आमचे मालक. प्रेस मशीनवर पत्रा दाबून मोटरसायकलचे ब्रॅकेट बनवायचं काम. रोज सकाळी प्रेसमधून निघालेला पहिला पीस भाऊंच्या हातात द्यायचा. ते त्याच्या कडेवरून अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "होऊ द्या." तोवर दुसरा पीस काढायचा नाही! मोजमापाची सगळी यंत्रं माझ्या क्वालिटी विभागात होती, शोभेला.

*

एकदा भाऊ भाच्याच्या लग्नाला लासूर स्टेशन गावाला गेलेले. आमचे सुपरवायझर साळवे पीस घेऊन मोटरसायकलवर थेट मांडवात पोचले. मंगलाष्टकं चालू होती. भाऊंनी अक्षता डाव्या मुठीत घेतल्या, उजवा अंगठा फिरवला आणि मान हलवली. पाहुण्यांना वाटलं, आहेर आलाय. त्यांनी साळवेंना आग्रहानं पंगतीला बसवलं. जेवण उरकून साळवेंनी फोन केला, तेव्हा कुठं आमची प्रेस चालू झाली!

*

भाऊंच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, मागं लागून एक मॅनेजर ठेवायला लावला. पुण्याचा, हुशार, सालस माणूस. भाऊंनी त्याला केबिन दिली, एसी दिला. "माझ्याकडं काय काय राहील?" त्यानं विचारलं.

"सध्या तुम्ही फक्त बघा," भाऊ म्हणाले.

दिवाळीपर्यंत तो बिचारा बघत बसला. गेला, तेव्हा त्याच्या निरोपाचा केकसुद्धा भाऊंनीच कापला.

*

मग वहिनी म्हणाल्या, बाहेरचा नको तर साळवेंच्या हातात द्या, घरचाच माणूस आहे. भाऊ म्हणाले,

"सगळं त्यानंच बघितलं, तर सकाळी उठून म्या जायचं कुठं?"

यावर मात्र आम्ही कधी हसलो नाही.

*

पुढं भाऊंना पॅरालिसिसचा झटका आला. प्रेस बंद पडली. ज्या कंपनीला माल जायचा तिनं कळवलं, आज माल निघाला नाही तर काम दुसऱ्याकडं जाईल. साळवेंनी पहिला पीस काढला. मी मोजला, अगदी बरोबर होता. तरी तो रुमालात गुंडाळून आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. आम्हाला दुसरं काही सुचलंच नाही.

वहिनींनी पीस भाऊंच्या हातात ठेवला. अंगठा कडेवरून फिरला. परत फिरला. भाऊंचे डोळे भरून आले.

"साळवे, मला काहीच कळंना रं," ते अडखळत म्हणाले. "तूच सांग आता. होऊ द्यायचं का?"

साळवेंनी माझ्याकडं बघितलं, वहिनींकडं बघितलं आणि हात जोडले.

"भाऊ, तुम्ही म्हणाल तसं."