तिसऱ्यांदा ‘खाली या’

“बाई, एक शब्द बदलायचाय.”

असं म्हणत ते माझ्या टायपिंग इन्स्टिट्यूटच्या दारात चपला काढायचे. आत दहा पोरी खडाखड मशिनं बडवतायत, आणि हे देवळात आल्यासारखे अनवाणी. “अहो भाऊ, चपला घाला, इथं टाचण्या पडलेल्या असतात,” असं शंभरदा सांगितलं असेल. ऐकतील तर शपथ!

ही जळगावातली, नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. मी तोंडाची फटकळ. पहिल्याच दिवशी विचारलं, “कोर्टाची भानगड आहे का?”

“नाही, आकाशाची,” ते शांतपणे म्हणाले. मला वाटलं, गृहस्थ थोडा सरकलेला दिसतोय.

सरकलेले नव्हते. विमानांनी कुठल्या उंचीवर राहायचं, कधी वर-खाली व्हायचं, हे मुंबईत बसून वायरलेसवर सांगणारे अधिकारी होते. निलंबित झालेले. चौकशी संपेपर्यंत मुक्काम जळगावात, बहिणीच्या घरी. लेखी परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. शिवाय ‘मी दुसरीकडे कुठेही कामाला नाही’ असा दाखला दर महिन्याला पाठवायचा. तो दाखला आणि चौकशीपुढचा जबाब, दोन्ही मी टाइप करायची. जबाबात दर खेपेला एक शब्द बदलायचा असायचा. एकदा ‘लगेच’ होतं त्याचं ‘ताबडतोब’ केलं. पुढच्या महिन्यात पुन्हा ‘लगेच’. मी कपाळाला हात लावायची आणि नवा कागद घालायची.

तीन वर्षं हे चाललं. आभाळभर विमानं हलवणाऱ्या माणसाला साधं धुळ्याला जायची चोरी! तिथं त्यांच्या भाचीचं लग्न होतं. परवानगीचा अर्ज मीच महिनाभर आधी टाइप केला होता. परवानगी आली ती लग्नानंतर चौथ्या दिवशी. लग्नाच्या सकाळी घरचे सगळे धुळ्याला गेलेले, आणि हे नवा सदरा घालून माझ्या बाकावर येऊन बसले. मी चहा मागवला.

एकदा म्हटलं, बसलाच आहात तर पोरींना डिक्टेशन तरी द्या. काय आवाज लागला हो! एकेक अंक सुटा, स्वच्छ: तीन, पाच, शून्य. पोरी ताठ होऊन टाइप करायला लागल्या. मग हे एकदम थांबले. चेहरा उतरला.

“बाई, हे काम धरतील का हो? दाखल्यात मी लिहून दिलंय.”

“फुकटच्या बोलण्याला काम कोण म्हणतंय?”

पण पुन्हा कधी डिक्टेशन दिलं नाही. मला असा संताप आला की त्या महिन्याचा दाखला टाइप करताना कागद फाटला.

काय घडलं होतं ते त्यांनी मला दोन खोडरबर हातात धरून दाखवलं. हे परदेशी विमान, हे आपलं. समोरासमोर निघालेली. परदेशी विमानात एक नवं यंत्र होतं. दुसरं विमान अंगावर यायला लागलं की ते ओरडून पायलटला सांगतं, वर जा, नाहीतर खाली जा. आपल्या विमानांत ते तेव्हा आलेलं नव्हतं, आणि जमिनीवर बसलेल्या ह्यांना त्याच्याविषयी कुणी धड सांगितलंही नव्हतं. ह्यांच्यापुढे प्रत्येक विमानाची एक कागदी पट्टी असायची, तिच्यावर उंची लिहिलेली. पट्टीप्रमाणे आपलं विमान वर होतं, म्हणून ह्यांनी परदेशी विमानाला सांगितलं, खाली या. प्रत्यक्षात आपलं विमान भलतंच, परदेशी विमानाच्याही खाली उतरत होतं. ते यंत्राला दिसलं, कागदाच्या पट्टीला कसं दिसणार? पायलट म्हणाला, “यंत्र वर जा म्हणतंय.” हे म्हणाले, “खाली या.” एकदा, दोनदा, तीनदा. पायलटनं यंत्राचं ऐकलं आणि दोन्ही विमानं सुखरूप गेली. वायरलेसच्या टेपवर मात्र ह्यांचा आवाज राहिला.

जबाबाचा सगळा भार एका वाक्यावर होता: खरखरीमुळे पायलटचं बोलणं मला पहिल्यांदा समजलं नाही, दुसऱ्यांदा समजलं नाही, तिसऱ्यांदाही समजलं नाही.

शेवटची सुनावणी ठरली, तेव्हा मुंबईहून जुन्या सोबत्याचा फोन आला. हाच जबाब पुन्हा एकदा पाठव, तू परत कामावर येतोस, सगळं ठरलंय. त्यांची बहीण धावतच माझ्याकडे आली. “बाई, मना भाऊ सुटना! आते फक्त तोच कागद धाडाना शे.” भाऊ सुटले, आता कागद तेवढा धाडायचा, म्हणून मी पोरींना पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी हे आले.

“बाई, एक शब्द बदलायचाय.”

“आता कुठला राहिला?”

“तिसऱ्या वेळचा ‘नाही’ काढा. समजलं होतं.”

माझे हात मशिनवरच थांबले.

“पहिल्या दोनदा खरंच नाही समजलं. तिसऱ्यांदा समजलं, तो वर चाललाय म्हणून. तरी मी बोललो. वीस वर्षं मी सांगावं आणि विमानांनी ऐकावं. हा कोण मला उलट सांगणारा, असं वाटलं बघा. बस, एवढंच.”

“अहो, पण कुणाला कळतंय? तीन वर्षं खितपत पडलात. आता दार उघडलंय तर आतून कडी लावताय?”

“त्यानं माझं ऐकलं असतं तर दोन भरलेली विमानं गेली असती, बाई. हे पोटात ठेवून पुन्हा त्या खुर्चीवर बसू? माझा आवाज फुटायचा नाही.”

“मी नाही टाइप करणार. जा.”

त्यांनी कोपऱ्यातलं रिकामं मशिन ओढलं आणि एका बोटानं अख्खा जबाब स्वतः टाइप केला. पाऊण तास लागला. मी वळून बघितलंसुद्धा नाही. मग ते रजिस्टर करायला पोस्टात गेले.

चार महिन्यांनी हुकूम आला. सक्तीची निवृत्ती. तो मला दाखवायला आले, तर मी सगळ्या पोरींदेखत रडले. त्यांचा राग आला होता आणि मायाही दाटून आली होती.

“आता काय करणार?”

“शिंदखेड्याला जातो, आमच्या घरी. चारची बस आहे.”

“परवानगी घेतलीत?” तोंडातून सवयीनं निघून गेलं.

“कुणाची?” म्हणाले, आणि हसले. तीन वर्षांत मी त्यांना मोठ्यानं हसताना पहिल्यांदा पाहिलं. त्या दिवसानंतर ते मला कधी भेटले नाहीत.

मी चहा सांगायला बाहेर गेले. परत येते तो काय, हे बाकावर भिंतीला डोकं टेकून झोपलेले. तोंड थोडं उघडं, मांडीवर हुकूम. पोरी एकेक करून थांबल्या होत्या. खोलीत चिडीचूप.

“थांबलात कशाला गं? चालू द्या,” मी म्हटलं.

दहाही मशिनं खडखडायला लागली. बसच्या वेळेला मी हलवेपर्यंत ते उठले नाहीत.