अकरा विहिरी आणि नवी आवृत्ती

वसईच्या समुद्रपट्टीतल्या गास गावात आमच्या शेजारी एक निवृत्त मास्तर राहायचे. चौथीत त्यांनीच मला शिकवलं होतं. त्यांच्याकडे सुंभाची एक लांब दोरी होती, दर हातावर गाठ मारलेली आणि टोकाला पितळेचं जुनं वजन बांधलेली. रविवारची चर्चमधली मिस्सा सुटली की मास्तर कपडे न बदलता ती दोरी खांद्यावर टाकून निघायचे आणि गासपासून राजोडीच्या वाटेपर्यंतच्या अकरा विहिरींचं पाणी मोजायचे. काठापासून पाण्यापर्यंत किती हात, तो आकडा त्या त्या विहिरीच्या पंपाच्या खोलीवर कोळशाने लिहायचे. वर्षभर ते आकडे भिंतीवर एकाखाली एक वाढत जायचे. नाताळच्या आधी घरांबरोबर पंपाच्या खोल्यांनाही चुना लागतो, म्हणून चुना लागण्यापूर्वी मास्तर सगळे आकडे वहीत उतरवून घ्यायचे. दर रविवारी थेट वहीतच का लिहीत नाही, असं मी एकदा विचारलं होतं.

"वहीत लिहिलं तर ते माझं होतं, बाय," ते म्हणाले. "भिंतीवर लिहिलं की येणारा-जाणारा वाचतो."

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. नालासोपाऱ्यात इमारतींची रांग लागली होती आणि त्यांना पाणी पुरवायला आमच्याकडे टँकर येऊ लागले होते. आमच्यातल्याच एका बागायतदाराने विहीर दिली, मग दुसऱ्याने दिली. एका वर्षात भिंतीवरचे आकडे नवावरून चौदावर गेले. गावाने तालुक्याच्या कचेरीत अर्ज केला आणि सुनावणी नाताळनंतर ठरली. टँकर बंद करायचे तर पाणी खाली गेलं हे दाखवायला हवं होतं, आणि तो पुरावा गावात एकच होता, मास्तरांच्या भिंती.

मी तेव्हा वसई पूर्वेला व्हॉल्व बनवणाऱ्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायची. आज ज्याला सर्व्हर म्हणतात त्याला आम्ही नुसतं मशीन म्हणायचो. फ्रिजएवढा डबा, त्याला सहा टर्मिनल जोडलेले, आणि रोज कोणत्या यंत्रावर कोणता माल काढायचा ते सगळं त्याच्यात. मॅनेजरसाहेबांना विचारून मी त्यातच विहिरींसाठी थोडी जागा मिळवली. मास्तरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता. यंदा त्यांना वाकून वाकून वही लिहायला लागू नये, एवढीच माझी इच्छा होती. निदान मी स्वतःला तसं सांगत आले आहे.

नोव्हेंबरात मी अकरा विहिरी फिरले, भिंतीवरचे आकडे चिठ्ठ्यांवर घेतले, मशीनमध्ये भरले आणि चिठ्ठ्या फाडल्या. कारखान्याची तशी शिस्तच होती. चिठ्ठी मशीनमध्ये गेली की फाडायची, म्हणजे ती चुकून दोनदा भरली जात नाही. ती शिस्त मीच लावली होती आणि तिचा मला फार अभिमान होता.

त्याच सुमाराला मशीन पुरवणाऱ्या कंपनीचा इंजिनियर ऑपरेटिंग सिस्टिम घेऊन आला. आमची आवृत्ती जुनी झाली होती. त्याने दोन खोकी टेबलावर ठेवली. एकात आमच्याच आवृत्तीची दुरुस्त केलेली प्रत होती, दोन वर्षं कुठेही बंद न पडलेली, दिसायला रटाळ. दुसऱ्यात अगदी नवी आवृत्ती होती. ती आकड्यांचे आलेख, म्हणजे चढत्या-उतरत्या रेघा, काढून छापू शकत होती.

"रोज काम चालणाऱ्या मशीनवर जिच्या चुका आपल्याला माहीत आहेत तीच घ्यावी," इंजिनियर म्हणाला. "या नवीच्या चुका अजून कुणाला सापडलेल्याच नाहीत, मॅडम."

मी ऐकलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर ती रेघ होती. अकरा विहिरींच्या अकरा रेघा, सगळ्या खाली उतरणाऱ्या, एकाच कागदावर. तो कागद मी सुनावणीत तालुक्याच्या साहेबांपुढे ठेवीन आणि अख्खा गाव माझ्याकडे बघेल! अक्कल गहाण टाकणं म्हणतात ते हेच. मॅनेजरसाहेबांना मी सांगितलं की नवी आवृत्ती वेगवान आहे. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून सही केली.

डिसेंबरात मास्तर आमच्या ओट्यावर आले. हातात कोरी वही होती.

"बाय, चुनेवाला उद्यापासून येतोय. वहीत उतरवून घेऊ ना?"

"कशाला, मास्तर? सगळं मशीनमध्ये आहे. डोळे कशाला शिणवताय?"

"नक्की ना?"

"नक्की."

त्यांनी वही काखेत मारली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात अजून आठवला की मला कुठे तोंड लपवावं कळत नाही. दुसऱ्या दिवसापासून अकराही खोल्या पांढऱ्याशुभ्र झाल्या.

नाताळच्या सुट्टीत कारखाना बंद असताना नवी आवृत्ती चढली. त्याआधी मी सगळ्याची एक प्रत टेपवर घेतली होती. टेप फिरली, दिवा विझला, म्हणजे झालं असं मी धरून चालले. ती परत वाचून बघायला तासभर लागला असता. आकडे साध्या कागदावर छापून ठेवायला तर पंधरा मिनिटं पुरली असती. तेही केलं नाही, कारण सुनावणीच्या तोंडावर ताज्या आकड्यांनिशी, रेघांसकटच छापायचं होतं.

जानेवारीच्या मध्यावर, सहाही टर्मिनलवर काम चालू असताना, मशीन गप्प झालं. बंद करून चालू केलं तर डिस्कवर काय कुठे आहे हेच त्याला कळेना. इंजिनियर दोन दिवस बसला. त्याने जुनी आवृत्ती परत चढवली, टेप लावली, आणि टेप सुरुवातीलाच अडली. पाच वेळा लावली, पाचही वेळा तिथेच अडली. तो मला एका शब्दाने बोलला नाही. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

कारखान्याचं फार बिघडलं नाही. फोरमनचा मशीनवर काडीचा विश्वास नव्हता. तो रोज सगळं खिशातल्या डायरीत लिहून ठेवायचा आणि मी त्याला हसायची. माझ्यावर पुरता विश्वास ठेवणारा माणूस एकच होता.

त्याच संध्याकाळी मी मास्तरांकडे गेले. सांगताना मला रडू आलं. मास्तर दोरीच्या गाठी चाचपत ऐकत होते.

"भिंत तरी खरवडून बघू," ते म्हणाले.

आम्ही खरवडून पाहिली. ओल्या चुन्यात कोळसा कालवला गेला होता. राखाडी डागांशिवाय काही निघालं नाही.

सुनावणीला मास्तर जुन्या वह्या घेऊन गेले. साहेबांनी त्या चाळल्या. ते काही वाईट गृहस्थ नव्हते.

"वह्या व्यवस्थित आहेत," ते म्हणाले. "पण यात टँकर येण्याआधीची वर्षं आहेत. टँकर आले त्या वर्षाचं काय?"

मास्तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "ते माझ्याकडून हरवलं."

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मीही उठून उभी राहिले नाही. राजोडीच्या वाटेवरच्या विहिरीची मालकीण मात्र उठली. "साहेब, पानी मचूळ झालंय. तुमी सोता येऊन चाखून बघा की!" साहेब म्हणाले की चव रेकॉर्डवर घेता येत नाही. टँकरची परवानगी कायम राहिली.

कारखान्यात मी पुढे ती जुनी आवृत्ती कधीच बदलली नाही. मशीन वर्षानुवर्षं एकदाही अडलं नाही. इतकं भरवशाचं मशीन औद्योगिक वसाहतीत दुसरं नाही, असं लोक म्हणायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

दोन वर्षांनी टँकर आपोआप गेले. कुणी बंद केले नाहीत. पाणी इतकं खारट झालं की इमारतवाले ते घेईनात. केळी आधीच पिवळी पडली होती, मोगरा गेला होता.

एका रविवारी मिस्सेनंतर मास्तरांनी मला हाक मारली. त्यांना आता जेमतेम दिसत होतं. विहिरीच्या काठावर उभं राहून मी दोरी सोडली, वजन पाण्याला लागलं, आणि मी गाठी मोजल्या.

"किती?"

"नऊ, मास्तर."

टँकरच्या आधी होतं तेवढंच. उपसा थांबला होता आणि समुद्राने आत येऊन जागा भरून काढली होती. मास्तरांनी ओल्या दोरीचं टोक जिभेला लावलं आणि तोंड पुसलं. मग खिशातला कोळसा माझ्या हातात दिला.

"लिही," ते म्हणाले.

पांढऱ्या भिंतीवर मी नऊ लिहिलं.