पितरांचं पान आणि नगरपालिकेची बदकं

आमच्या गावच्या बागेतली बदकं माझ्यामुळे मेली, हे मी चारचौघांत सांगितलंय आणि इथेही सांगते. पण त्या पापात माझा वाटा अर्धा आहे. उरलेला अर्धा ज्यांचा, त्यांना तो अजून कबूल नाही, म्हणून लिहायला बसले.

मी एसटीत कंडक्टर होते. बाजाराच्या दिवशी धामणगाव बढ्याच्या गाडीत जिनं तिकिटं फाडली, तिला आवाज चढवायला कुणी शिकवावं लागत नाही. मी निवृत्त झाले त्याच वर्षी आमचे हे गेले. वर्षश्राद्ध झाल्यावर जो पितृपक्ष आला, त्यात कढी, वडे, खीर, लाल भोपळ्याची भाजी असं सगळं त्यांच्या आवडीचं रांधलं आणि पान गच्चीवर ठेवलं. दुपार टळली तरी कावळ्याचा पत्ता नाही. आमच्या भागात झाडंच उरली नाहीत, कावळा काय विजेच्या तारेवर संसार मांडील? घरात कुणी घास तोंडात घालेना. जाऊबाई म्हणाल्या, "काही इच्छा राह्यली असन त्यायची."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्या माणसाच्या ताटात कधी शीत उरलं नाही, त्याची कसली इच्छा राहणार? मी पान उचललं आणि तडक नगरपालिकेच्या बागेत गेले. तिथे सिमेंटच्या तळ्यात बदकं होती. पान काठावर ठेवायचा अवकाश, वड्यांसकट सगळं फस्त. मला इतकं हायसं वाटलं की तिथेच बसून रडले.

गल्लीत ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. पुढच्या वर्षी सात-आठ पानं आली, त्याच्या पुढच्या वर्षी निम्म्या गावाची. सर्वपित्री अमावस्येला तळ्यावर रांग लागली. कावळ्याच्या विनवण्या करण्यापेक्षा बदकं बरी, बोलवायच्या आधी हजर. पण बदकाचं पोट ते केवढं? उरलेला भात, खीर, वडे पाण्यात जात. पाणी खेळतं ठेवणारी मोटर होळीपासून बंद होती. माळ्यानं तीनदा अर्ज दिला होता. त्याला विचारलं, "मोटर आली का भाऊ?" की तो म्हणायचा, "येऊन राह्यली ताई, बैलगाडीनं." मी हसायचे आणि घरी यायचे. ते हसणं आता मला बोचतं.

अमावस्येनंतर ऊन चांगलंच तापलं आणि तळ्याला वास सुटला. मग बदकं पडायला लागली. त्यांना चालता येईना, मान उचलता येईना. काही तर मान पाण्यात पडून बुडून मेली. दोन दिवसांत अकरा गेली, नऊ उरली.

इतके महिने झोपलेली नगरपालिका तासाभरात जागी झाली. गेटला कुलूप, वर 'बर्ड फ्लू, प्रवेश बंद' असा फलक. घंटागाडीच्या भोंग्यावरून गावभर तेच. ब्लिचिंग पावडर इतकी टाकली की गुलाबसुद्धा पांढरे झाले. पशुवैद्यकीय दवाखान्यातली तरुण डॉक्टर आली, नमुने घेऊन पुण्याला पाठवले. जाताना तिनं स्पष्ट सांगितलं, की सडक्या अन्नात आणि साचल्या पाण्यात एक विष तयार होतं, त्याचीही लक्षणं अशीच असतात. अहवाल येईपर्यंत उरलेली बदकं वेगळी ठेवा, ताजं पाणी द्या. ते कुणी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी उरलेली बदकं मारून पुरायला जेसीबी आला. आधी कळस मग पाया म्हणतात तसं, अहवालाच्या आधी खड्डा.

मी पोचले तेव्हा माळी गेटबाहेर उभा होता, हातात रिकामी बादली.

"ताई, एवढाल्ली पिल्लं होती तव्हापासून वाढवले म्या. मले आत बी जाऊ देऊन नाही राह्यले."

"काऊन?"

"म्हंते, तुह्या घरच्या कोंबड्यायनंच रोग आणला. उद्यापासून येऊ नोको म्हंते."

त्याच्या कोंबड्या मी पाहिल्या होत्या. अंगणात मजेत उकिरडा उकरत होत्या. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि इथे चोर तर मीच होते.

मुख्याधिकारी गाडीतून उतरत होते. मी आडवी झाले.

"बाई, हा लोकांच्या आरोग्याचा प्रश्न आहे. जोखीम कोण घेणार?"

"जोखीम नका घेऊ. कुलूप राहू द्या, आम्ही आत पाय ठेवणार नाही. पण अहवाल येईपर्यंत खड्डा थांबवा."

"बर्ड फ्लू नाही हे तुम्हाला काय माहीत?"

"तो आहे हे तुम्हाला काय माहीत? मला माहीत आहे ते हे, की या तळ्यात दोन वर्षं शिळं अन्न सडतंय. आणि पहिलं पान मी टाकलंय."

हे मी एसटीतल्या शेवटच्या सीटला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. जमलेल्या गर्दीतून पुढे येऊन जाऊबाईंनी माझा दंड धरला. "येडी झाली का वं? पितरायच्या घासाले इख म्हंतं? घराण्याची लाज काढली!"

मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. जिथे मी आमच्या ह्यांच्यासाठी रडले होते, तिथेच त्यांचा घास विषारी म्हणत होते. पण नऊ जीव आणि एका माणसाचं नाव त्या खड्ड्यात जात होतं. मी जेसीबीच्या समोर फतकल मारली.

मग आमच्या मागच्या गल्लीतली एक म्हातारी काठी टेकत आली आणि माझ्याजवळ बसली. "माह्यं बी पान होतं साहेब," ती म्हणाली. तिच्या मागून एक आली, मग चौघी. जाऊबाई नाही आल्या. अजूनही त्या माझ्याशी बोलत नाहीत. साहेबांनी फोनवर वरच्यांशी काय बोलणं केलं ते ठाऊक नाही, पण संध्याकाळी जेसीबी रिकामा परत गेला.

पुढे दोन बदकं गेलीच. सात जगली. अहवाल आला, बर्ड फ्लू नव्हता. पेपरात बातमी आली, 'नगरपालिकेच्या तत्परतेमुळे सात बदके वाचली.' फलक बदलला, 'खाद्य टाकण्यास सक्त मनाई.' तो मला मान्य आहे. माळ्याला मात्र कुणी परत बोलावलं नाही.

मी कार्यालयात गेले. साहेब म्हणाले, "तुमची चूक आधी लेखी द्या." मी तिथेच बसून लिहिलं: तळ्यात अन्न टाकायला सुरुवात मी केली. खाली सही केली. त्याच कागदावर पुढे लिहिलं: मोटर होळीपासून बंद होती, माळ्याचे तीन अर्ज पडून होते, आणि त्याच्या कोंबड्यांचा दोष नव्हता. त्याखाली साहेबांच्या सहीपुरती जागा सोडली. ती अजून कोरी आहे. दर सोमवारी तो कागद घेऊन मी त्यांच्या टेबलासमोर उभी राहते, आणि माळी माझ्या शेजारी उभा असतो.