प्लेट न फेकणाऱ्या जमिला आपा

हे आत्ताच सांगायचंय. नांदेडहून लातूरला परत येताना एसटीत बसूनच टाइप करून राहिले, गाडी लई हलतेय, चुका होतील, सांभाळून घ्या. पण घरी पोचेपर्यंत थांबले तर राग निवेल, आणि मला तो निवू द्यायचा नाही.

आज जमिला आपांचा निरोप समारंभ होता. शाल, नारळ, हार, समोसे. आणि आमच्या लॅबचे सर माइकवर म्हणाले, "जमिला मॅडम म्हणजे एकदम शांत. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या, त्याचाच जास्त राग येतोय. कारण आपांचा आवाज मी ऐकलाय. अख्ख्या मजल्यानं ऐकलाय. आणि सगळ्यात जवळून सरांनीच ऐकलाय.

तर आपा कोण. नांदेडातल्या एका लेकरांच्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन. मी कंधारची, डीएमएलटी म्हणजे लॅबचा डिप्लोमा करून तिथं शिकायला लागले. पहिल्याच दिवशी बघते तर फ्रिजच्या वर प्लास्टिकच्या झाकणवाल्या प्लेटांची ही चळत, प्रत्येकीला कागदी पट्टी, पट्टीवर नाव आणि तारीख. आजारी माणसाचं रक्त, थुंकी असलं काही त्या प्लेटवर लावून ठेवतात, काय उगवतं ते बघतात. दोन-तीन दिवस, मग फेकायच्या. या महिन्याभराच्या जुन्या होत्या. मला वाटलं कचरा. डबा घेऊन पुढं झाले तर मागून आवाज, "हात नक्को लावू बेटा."

बाकीचे त्या चळतीला आपांचं लोणचं म्हणायचे. "आपा, मुरलं का लोणचं?" आपा मान वर न करता म्हणायच्या, "दही एका रातीत लागतं. बुरशीला टाइम द्यावा लागतो. तुझ्यासारखी घाई न्हाई तिला."

आता एक गोष्ट समजून घ्या, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मे महिन्यात नांदेडची हवा म्हणजे नुसती गरम धूळ. लॅबचं दार उघडं, पंखा चालू, मग कुठल्याही प्लेटवर शिळ्या भाकरीसारखी हिरवी बुरशी येते. म्हणून आमच्याकडं रीतच पडली होती. उन्हाळ्यात प्लेटवर हिरवं दिसलं की ते पेशंटचं नाही, वाऱ्यावर आलं. रिपोर्टात "बाहेरून पडलेलं" लिहायचं आणि प्लेट टाकून द्यायची. मी पण आठवडाभरात शिकले. दिवसातून तीनदा लिहायचे.

मग आरोही आली. बिलोलीकडची, तीन वर्षांची, ब्लड कॅन्सर. औषधांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार खाली गेलेल्या आणि ताप नऊ दिवस हटत नव्हता. अँटिबायोटिक बदलून बदलून डॉक्टर थकले, शेवटी फुफ्फुसात नळी घालून तिथलं पाणी काढून आमच्याकडं पाठवलं. तिसऱ्या दिवशी प्लेटवर हिरवं.

सर आले, बघितलं, म्हणाले, "मे महिना आहे आपा. वाऱ्यावरचं. लिहा आणि टाका."

आपा म्हणाल्या, "मी लिहिणार न्हाई."

"म्हणजे?"

"म्हणजे न्हाई. परवा सकाळी दार बंद, पंखा बंद करून लावलीय मी ही. वारा कुठून आला? तुमच्या खिशातून?"

सर हसले आणि जेवायला गेले. आपा जेवल्या नाहीत. त्यांनी तीन कोऱ्या प्लेटा घेतल्या, झाकण काढून एक लॅबच्या टेबलावर ठेवली, एक जिन्यात, आणि एक मला दिली. "वॉर्डात आरोहीच्या कॉटपाशी ठेव. एक घंटा. हात फिरवू नको वरून."

मी ठेवायला गेले तर आरोहीची कॉट अगदी कूलरच्या तोंडासमोर. मोठा पत्र्याचा कूलर, एका दात्यानं दिलेला, वर त्यांचा फोटो चिकटवलेला. तिची आई सविताताई म्हणाली, "दुसऱ्या बाईशी भांडून ही जागा मिळवली गं. लेकरू भाजून निघत होतं."

दोन दिवसांनी तिन्ही प्लेटा शेजारी शेजारी ठेवल्या. लॅबमधली जवळजवळ कोरी. जिन्यातल्या प्लेटवर दोन ठिपके. वॉर्डातली हिरवीगार, मोजता येणार नाही इतकी. आपा ती प्लेट हातात धरून वॉर्डात गेल्या, मी मागं. कूलरची पिन उपसली, बाजूची जाळी काढली. आतलं गवत काळंहिरवं, चिखलासारखं, कुबट वास. गेल्या उन्हाळ्यापासून बदललंच नव्हतं. त्यातून येणारी थंडगार हवा आम्ही पेशी संपलेल्या लेकरांच्या तोंडावर सोडत होतो. धडधाकट लेकरू अशी बुरशी रोज श्वासात घेतं, त्याला काही होत नाही. या लेकरांच्या फुफ्फुसात मात्र ती घर करते आणि तिथून मेंदूकडं सरकते.

व्यवस्थापक धावत आला. "मॅडम, दात्याचा फोटो आहे त्याच्यावर. बंद दिसला तर त्यांना काय वाटेल?"

"नंबर द्या त्यांचा. मीच विचारते काय वाटंल ते."

तोवर सर पण आले. म्हणाले, "आपा, तुमचं काम रिपोर्ट लिहायचं आहे. कूलर दुरुस्त करायचं नाही."

आणि तेव्हा आवाज चढला. "रिपोर्टच लिहून राहिले मी. मागच्या मे मध्ये अशीच हिरवी प्लेट आली होती. तुम्ही म्हणलात वाऱ्यावरचं, मी लिहिलं. माझ्या या हातानं लिहिलं. अयान, अडीच वर्षांचा, ह्याच कोपऱ्यात कॉट होती त्याची. चौथ्या दिवशी गेला. त्याची प्लेट दाखवा मला सर. कुठंय? फेकली मी. म्हणून बाकीच्या सांभाळत बसते, आन तुम्ही लोणचं म्हणता."

आपांनी सरांच्या समोरच आरोहीच्या डॉक्टरांना फोन लावला, सरांची सही नसलेला रिपोर्ट वाचून दाखवला. बुरशीचं औषध त्याच दुपारी चालू झालं.

सविताताई भिंतीला टेकून उभी होती. म्हणाली, "आपा, कॉट तर मीच ओढली होती कूलरपुढं. माझ्यामुळं झालं का?"

आपांनी तिचा दंड धरला. "तू लेकराला उन्हातून वाचवत होतीस. ज्यांना कूलर उघडून बघायचा पगार मिळतो त्यांनी उघडला न्हाई. तू रडायचं न्हाई, त्यांनी रडायचं."

आरोही वाचली. लई दिवस लागले, एक फुफ्फुस कायमचं कमजोर राहिलं, पण कडेवर बसून बिलोलीला गेली. आणि आपांना काय मिळालं? मेमो. रिपोर्ट परस्पर फोडला म्हणून. मग कल्चरच्या, म्हणजे या प्लेटांच्या टेबलावरून उठवून रक्त काढायच्या खिडकीत बसवलं, रिटायर होईपर्यंत. फ्रिजवरच्या प्लेटा स्वच्छता मोहिमेत गेल्या. मेमो देणाऱ्यांनीच आज शाल दिली. मी काही बोलले नाही तेव्हा, शिकाऊ होते, सर्टिफिकेटवर सरांची सही पाहिजे होती. हे पण लिहून टाकते, नाहीतर मी बरी आणि बाकी सगळे वाईट असं होईल.

समारंभ झाल्यावर गेटपाशी आपांना गाठलं. म्हटलं, "माइकवर का नाही बोललात? सगळं खोटं सांगितलं त्यांनी तुमच्याबद्दल. मी लिहिणार आहे."

आपा रिक्षावाल्याला थांब म्हणाल्या. "माझ्या स्वभावाचं काय घेऊन बसलीस? मी भांडखोर हाय का गरीब गाय, त्यानं कोणतं लेकरू वाचतं? लिहायचं तर अयानचं लिही. आन ते मी लिहिलं होतं हे पण लिही."

"तुमचं नाव बदलू?"

"का? चूक माझी, मग नाव कुणाचं लिहिशील?"

हार रिक्षावाल्याच्या हँडलला अडकवून त्या बसल्या आणि गेल्या. लेकरांची नावं मी बदलली आहेत. आपांचं तेच ठेवलंय.

आता तुम्ही सांगा, खरंच सांगा, खाली लिहा. तुमच्या घरातलं, शेजारचं एखादं लेकरू असंच अशक्त होऊन दवाखान्यात पडलं होतं, ताप जात नव्हता, आणि रिपोर्ट हातात देऊन कुणी म्हणालं होतं का, ह्यात काही नाही, बाहेरून पडलेलं आहे? तुम्ही ते मान्य करून घरी आला होता का? मग त्या लेकराचं पुढं काय झालं?