मॅडम फॉरेनला गेल्यात

अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात एक गोदाम आहे. परदेशातून आलेला कच्चा माल ड्यूटी न भरता तिथे ठेवता येतो, कारण कस्टम्सच्या लेखी तो माल अजून देशात आलेलाच नसतो. म्हणून आमच्याकडे त्या गोदामाला सगळे 'फॉरेन' म्हणतात. 'ड्रम फॉरेनला ठेव', 'साहेब फॉरेनला आहेत.' नव्या माणसाला पहिला आठवडाभर हसू येतं, मग तोही तसंच बोलायला लागतो.

कस्टम्सचं सगळं काम मी एकटी बघते. मालकांना ते कळत नाही आणि कळून घ्यायची हौसही नाही. नियम फारच वाढले तेव्हा ते म्हणाले, "अजून एक जाणकार माणूस घ्या. तुम्हीच निवडा." मी चेहरा गंभीर ठेवला, पण मनातून हरखले. कामाला मदत हवी होती हे खरंच, पण त्याहून जास्त मला डबा खाताना समोर कुणीतरी हवं होतं. बदलापूरला हेंद्रेपाड्यात मी एकटी राहते. आई गेल्यापासून घरात शिरल्या शिरल्या टीव्ही लावते, बघत मात्र नाही.

मुलाखतीला आलेले बहुतेक जण नियम घोकून आले होते. मी प्रत्येकाला विचारायची, फॉरेनला ड्रम फुटला, सांडलेलं भुसा टाकून पुसलं, तर तो भुसा कुठे टाकाल? "कचऱ्यात," असं म्हणून माझ्याकडे बघायचे, जणू बाईंचं डोकं फिरलंय. मग उल्हासनगर कॅम्प पाचची एक सिंधी मुलगी आली. म्हणाली, "कचरा पण फॉरेनचाच ना, मॅडम? डायरेक्ट कसा फेकणार? पहले कस्टम को बताना पडेगा."

मी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. ती ग्लासाकडे बघून हसली. "आमच्याकडे नुसतं पाणी नाही देत, मॅडम. पापड साथ में देतात. बिचारं पाणी एकटं कशाला?" ऑफिसात मी इतक्या मोठ्याने कधी हसले होते, मला आठवत नाही. मी तिला तिथल्या तिथे नोकरी देऊ केली. जाताना तिने सांगितलं की न्हावा शेव्याला, बंदरातल्या एका कंपनीतही तिची निवड झालीय आणि गुरुवारपर्यंत दोन्हीकडे कळवायचंय. "पण मन इथेच आहे," म्हणाली. मी दुसरं टेबल स्वतः पुसून घेतलं.

गुरुवारी मी दिवसभर गोदामात माल मोजत होते. आत मोबाईल नेता येत नाही, त्यामुळे तो बंद करून लॉकरमध्ये ठेवला होता. संध्याकाळी सुरू केला तर तिचा मेसेज: 'हॅपी जर्नी मॅडम.' मला काही उलगडेना. लगेच फोन लावला.

"अरे, पोचलात पण?" ती म्हणाली. "मी हो सांगायला गेटवर आली होती. वॉचमन बोलला, मॅडम फॉरेनला गेल्यात, कवा येतील नाय माहीत. फोन पण बंद. मला वाटलं, फ्लाइटमध्ये असाल. आमच्याकडे लोक मुलांकडे जातात ना, तर दोन-तीन महिने येतच नाहीत. मग मी न्हावा शेव्याला साइन करून टाकलं."

वॉचमन बारवीकडच्या पाड्यावरचा, नवीन लागलेला. सगळे बोलतात तसंच तोही बोलला होता. तरी मला त्याचा भयंकर राग आला. खरं सांगावं असं अगदी जिभेवर आलं. पण ती हळहळली असती, आणि दिलेला शब्द मोडणारी ती नव्हती. मोडणारी असती तर मला तरी ती कशाला हवी होती?

"हो, पोचले," मी म्हटलं.

"थंडी आहे?"

"आहे थोडी."

"मस्त! आराम करा आता." मग तिने अगदी सहज विचारलं, "तिकडे कोण असतं तुमचं?"

एवढं रेटून खोटं बोलले होते, आणखी एखादी बहीण, एखादा भाचा सांगायला काय जात होतं? पण मला कुणीच सुचेना. ती हॅलो, हॅलो करत राहिली. "नेटवर्क नसेल तिकडे," असं स्वतःशीच म्हणून तिने फोन ठेवला.